हातातली बॅग, पोटातली बॅग

आमच्या घरात बॅगांचे दोनच प्रकार होते, हातातली आणि पोटातली. विमानात आपल्याजवळ राहते ती हातातली. काउंटरवर वजन करून, चिठ्ठी बांधून विमानाच्या पोटात टाकतात ती पोटातली. ही नावं आईनं ठेवली. तिनं तोवर विमान पाहिलं होतं ते फक्त खालून, गच्चीवर वाळवणं राखताना, त्यामुळे विमानाचं पोट तेवढं तिला नीट माहीत होतं.

भाऊ पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून बराच लहान, म्हणून घरात आणि गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. मी तेव्हा आमच्या नाशिकमधल्याच एका शाळेत भूगोल शिकवत होते. जगातले सगळे खंड मला पाठ होते आणि मुंबईच्या पलीकडे मी पाऊल टाकलेलं नव्हतं. धाकट्याचा रस्ता नकाशावर दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मुंबई, मग युरोपातलं एक विमानतळ, मग अमेरिकेतलं एक भलंमोठं, आणि तिथून टीचभर विमानानं त्याचं गाव. मी नकाशावर बोट फिरवत होते आणि आई विचारत होती, "म्हणजे तीनदा गाडी बदलायची? सामान कोण उतरवतं मग?"

सामान आपोआप जातं, असं धाकट्यानं सांगितलं. आपोआप कुठलीही गोष्ट होते यावर आमच्या आईचा कधीच विश्वास नव्हता.

मग काय हातात आणि काय पोटात, यावर आठवडाभर घरात रणं माजली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, कागद हातात, बाकी सगळं पोटात. आईचं म्हणणं, जे मोडतं ते हातात. कागद काय, दुसरे काढता येतात. चकल्यांचा भुगा झाला तर त्या तिथे कोण करून घालणार आहे? बाबा म्हणाले, "तो शिकायला चाललाय, चकल्या विकायला नाही." आई म्हणाली, "उपाशीपोटी शिकेल मग." दोन दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. बॅगा भरायच्या, गल्लीच्या तोंडाशी रद्दीवाल्याच्या तराजूवर न्यायच्या, वजन जास्त भरलं की परत आणून उपसायच्या. रद्दीवाला म्हणायचा, "ताई, एवढी रद्दी असंल तर आमच्याकडंच घाला की."

शेवटी आईचंच खरं झालं. कुकर, चादरी, मसाले, पुस्तकं पोटात गेली आणि चकल्यांचा डबा हातातल्या बॅगेत. डबा प्लास्टिकचा, पांढरा, फिरकीच्या झाकणाचा. स्टीलचा जड होतो म्हणून. झाकणावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, कारण आमच्याकडचे डबे गल्लीभर फिरायचे आणि कुणाचा कुठला यावरून भांडणं व्हायची. निघताना आईनं धाकट्याला पाया पडू दिलं, तोंडावरून हात फिरवला आणि सांगितलं, "डबा परत आण."

झालं असं, की मधल्या कुठल्याशा विमानतळावर त्याची पोटातली बॅग राहिली. ती त्याला आठवड्यानं मिळाली. तेवढे दिवस तो अंगावरच्या कपड्यांवर होता आणि चकल्या खात होता. फोनवर हे कळल्यावर आई बाबांकडे बघत राहिली, आणि बाबा उठून नळाचं पाणी आलंय का ते बघायला गेले. तेव्हापासून धाकट्यानं तो नियमच केला. म्हणायचा, "ताई, दोनतीन विमानं बदलायची असली ना, की पोटात टाकलेल्याचा भरवसा नाही. ज्याच्यावाचून चालणार नाही ते हातात."

पुढे तो नोकरीला लागला, त्याच गावात राहिला. एक दिवाळी सोडून येत राहिला, मग दोन सोडून. दर खेपेला डबा जायचा. तो येणार नसला तर तिकडे जाणारं कुणी ना कुणी आई शोधून काढायची. कुणाची सून, कुणाचा भाचा. त्यांच्या घरी जाऊन डबा द्यायची आणि बजावायची, की हातातल्या बॅगेत ठेवा. लोक हो हो म्हणायचे. पाठीमागे काय म्हणत असतील देव जाणे. आणि डबा एकही परत आला नाही. धाकटा आला की आई बॅग उघडायच्या आधी विचारायची, "डबे?" तो कपाळाला हात लावायचा. "राहिले गं. पुढच्या वेळी नक्की." मी म्हणायचे, "तिकडे डब्यांचं दुकान काढलंयस का?" आई खरंच चिडायची. डबे घरातून गेले की तिला घर लंगडं वाटायचं. मला मात्र वाटायचं, की ती डब्याच्या नावानं दुसरंच काही परत मागते आहे. पण असं बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तो गेला ती बातमी मला शाळेत कळली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, आमच्याकडे तेव्हा घरी आणि शाळेतच फोन, मोबाइल माझ्याकडे नव्हता. मधली सुट्टी होती. शिपाई बोलवायला आला. फोनवर त्याचा मित्र होता, त्याच गावात राहणारा, विदर्भातला मुलगा. त्याचं नाव आम्ही धाकट्याकडून ऐकलेलं होतं. त्यानं घरी आधी केला नाही, कारण घरचा फोन आई उचलेल अशी त्याला भीती वाटली. धाकटा कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला होता. हृदय. पस्तिशीचा होता. मी फोन ठेवला आणि पुढच्या तासाला वर्गावर गेले. वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. शाळा सुटली तरी मी घरी निघत नव्हते एवढं आठवतं.

दहन तिकडेच झालं. देह इकडे आणायचा तर किती दिवस लागतील ते कुणी सांगेना, आणि बाबाच म्हणाले की त्याला एवढे दिवस बर्फात ठेवू नका. मित्रानं सगळं केलं. मग त्यानं फोनवर चाचरत विचारलं, की अस्थी टपालानं पाठवता येतात, तिकडे तशी सोय असते, पाठवू का?

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आम्ही पंचवटीतले. रामकुंडाच्या वाटेवर आमचं घर. कुठून कुठून लोक अस्थी घेऊन आमच्या दारावरून जातात, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून बघत आलो. एसटीतून उतरलेला माणूस पिशवी कशी धरतो यावरून आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल, की भाजी आहे की माणूस आहे. अस्थी खाली जमिनीवर ठेवत नाहीत. घरात नेत नाहीत. मुक्काम करायची वेळ आली तर बाहेर झाडाला किंवा खुंटीला टांगतात. रिक्षावाले अशा माणसाला रामकुंड कुठे ते सांगायची वेळ येऊ देत नाहीत. आमच्याच ओट्यावर किती जणांनी पाणी मागितलं असेल. पाणी पिताना ते पिशवी दुसऱ्या हातात उंच धरायचे.

"सगळं जग इथे घेऊन येतं," बाबा भिंतीला म्हणाले. "आणि माझा मुलगा पोस्टमन आणून टाकणार?"

मित्राचे कागद कुठेतरी अडकलेले होते, तो देशाबाहेर पडला तर परत जाता आलं नसतं. बाबांची बायपास झालेली, डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू दिलं नाही. राहिले मी. पासपोर्ट होता, व्हिसाही होता. आदल्या वर्षी धाकट्यानंच मागे लागून तिघांचेही करून घेतले होते, की उन्हाळ्यात सगळे या. बाबांच्या ऑपरेशनमुळे ते राहिलं. त्यानं बोलावलं तेव्हा गेलो नाही, आणि आता निघाले. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. मला त्या पासपोर्टावरचा माझा हसरा फोटो बघवेना.

बाबा पूल ओलांडून भांडीबाजारात गेले आणि तांब्याची एक लहान कळशी घेऊन आले. तांबटाकडून तिला घट्ट झाकण बसवून घेतलं होतं. स्वतः चिंच लावून घासली. मला म्हणाले, "यात आण. हातातच आण. पोटात टाकायचं नाही त्याला. आणि खाली ठेवू नकोस." मी म्हणाले, "बाबा, मला कळतं." ते म्हणाले, "तसं नाही गं. तू दमशील, कुणी म्हणेल द्या इकडे. द्यायचं नाही." एवढं एकच त्यांनी मागितलं. माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याच संध्याकाळी आईनं कढई चढवली. सुतकात तळण करत नाहीत, हे लहान मुलांनाही माहीत असतं. शेजारच्या काकू धावत आल्या. "अहो, काय करताय हे? पाच दिवस पण नाही झाले." आई चकली पाडत राहिली. म्हणाली, "ज्या पोरानं माझ्या मुलाला अग्नी दिला त्याच्याकडे ही रिकाम्या हातानं जाणार का?" काकू चुलीपाशी खाली बसल्या आणि झारा हातात घेतला. चकल्या मात्र आईच्या हातून पहिल्यांदाच विरघळल्या, तेलात सुटल्या. तिनं त्यातल्या धड तेवढ्या निवडून डब्यात भरल्या. झाकणावर ठिपका होताच. "हातातल्या बॅगेत ठेव," म्हणाली. मग जरा थांबून, सवयीनं म्हणाली, "डबा परत आण." आणि आपण काय बोललो हे कळून ती मोरीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

प्रवासाचं काय सांगू. आयुष्यभर जे समुद्र शिकवले ते वरून बघायची माझी फार इच्छा होती. खिडकीची जागा मिळाली होती. मी तिची झडप खाली ओढली.

धाकट्याची खोली नीटनेटकी होती. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाच्या माथ्यावर आमचे डबे होते. सगळे, धुतलेले, एकावर एक रचलेले, लाल ठिपके पुढे करून. त्यातल्या एकातही काही भरलेलं नव्हतं. मी एक एक उघडून पाहिला. मित्र म्हणाला, "तो म्हणायचा, ताई, की हे घेऊन जायचे आहेत. दर वेळी बॅग भरली की यांना जागाच उरायची नाही." मी तिथे त्या परक्या फरशीवर बसून रडले. आल्यापासून पहिल्यांदा.

अस्थी मित्राच्या घरी होत्या, काळ्या प्लास्टिकच्या चौकोनी खोक्यात, वर छापील कागद चिकटवलेला. मित्रानं त्या बिचाऱ्यानं खोकं जमिनीवर ठेवलं नव्हतं. खिडकीला दोरी बांधून टांगलं होतं. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी आत पाहिलं. आपल्याकडे राखेतून वेचलेल्या अस्थी मूठ दोन मूठ असतात. इथे सगळाच्या सगळा माणूस दळून दिलेला, राखाडी, कोरडा आणि जड. मित्र म्हणाला, "ताई, असंच न्या ना. याच्यावर कागद लावलेला आहे, विमानतळावर बरं पडेल." मला राग आला. माझ्या भावाला औषधाच्या खोक्यासारखं न्यायचं? बाबांनी स्वतः चिंचेनं घासलेली कळशी कशाला आणली होती मी? मी कागद सोलून पर्समध्ये ठेवला, अस्थी कळशीत ओतल्या, झाकण बसवलं, लाल फडक्यात बांधली. खोकं मित्रानं कचऱ्यात टाकलं. तांबं पवित्र, प्लास्टिक अपवित्र, एवढंच आम्हाला कळत होतं. नाशिकच्या कुठल्याही माणसानं तेच केलं असतं.

चकल्या मी मित्राच्या एका भांड्यात काढून दिल्या आणि डबा पुसून हातातल्या बॅगेत ठेवला. कपाटावरचे बाकीचे तसेच राहिले. धाकट्याचे कपडे, पुस्तकं, त्याचा एक स्वेटर यांनी पोटातली बॅग भरली होती. मलाही त्यांना जागा करता आली नाही.

त्या गावचं विमानतळ आपल्या नाशिकच्या महामार्ग एसटी स्टँडपेक्षाही लहान. मित्र सोडायला आला होता. पोटातली बॅग काउंटरवर दिली, ती थेट मुंबईला निघेल म्हणाले. मग मी तपासणीच्या यंत्रापाशी गेले, कळशी छातीशी धरून. तिथल्या बाईनं ती पट्ट्यावर ठेवायला सांगितली. मी कागद दाखवला. तिनं तो वाचला, खरंच मनापासून दुःख व्यक्त केलं, आणि कळशी यंत्रात गेली. पडद्यावर नुसता काळा गोळा दिसला. तांब्यातून ते किरण जात नाहीत. आतलं दिसलं नाही तर विमानात सोबत नेता येत नाही. मी म्हणाले, उघडून बघा. ती म्हणाली, नाही, अशी भांडी आम्ही उघडत नाही, मृताचा मान म्हणून. तुम्ही हे सामानात देऊ शकता.

मान म्हणून उघडणार नाही, आणि मान म्हणून पोटात टाका. मी तिथे मराठीत ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. ती बाई शांतपणे ऐकत होती. तिची चूक काहीच नव्हती आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. इंग्रजीतून एवढंच म्हणता आलं, की हा माझा भाऊ आहे. ती म्हणाली, मला कळतं. तिला खरंच कळत होतं, पण यंत्राला कळत नव्हतं.

मी परत बाहेर आले. मित्र अजून काचेपलीकडे उभा होता, तो धावत आला. त्यानं ऐकून घेतलं आणि पहिला शब्द काढला तो, "खोकं." कचऱ्याची गाडी सकाळीच गेली होती. प्लास्टिक असतं तर किरण आरपार गेले असते. काउंटरवरची बाई घड्याळ दाखवत होती. पुढे दोन विमानं बदलायची होती. पोटात टाकलेल्याचा भरवसा नाही, हे मला सांगणारा माणूसच माझ्या हातात होता.

तेव्हा मला डबा आठवला.

तिथल्या एका बाकावर मी माझी शाल पसरली. मित्रानं डबा धरला, मी कळशी कलती केली. डब्याला चकल्यांचा वास होता, ओव्याचा आणि भाजणीचा. त्या वासात माझा भाऊ पडत होता. थोडा माझ्या बाहीवर उडाला. मी तो झटकला नाही. लोक लांबून जात होते, बघून न बघितल्यासारखं करत होते. डबा काठोकाठ भरला, झाकण कसंबसं फिरलं, आणि कळशीच्या तळाशी थोडं उरलं. मित्र म्हणाला, "ताई, प्लास्टिकची पिशवी आणतो कुठून तरी." पण काउंटरवरची बाई आता हातानं बोलावत होती, विमान माझ्यामुळे थांबणार नव्हतं. कळशीला झाकण लावलं. माझ्या बॅगेला चिठ्ठी बांधून ती केव्हाच आत गेली होती. म्हणून कळशी मित्राच्या कापडी पिशवीत घातली, तिलाच चिठ्ठी बांधली आणि पट्ट्यावर ठेवली. रबरी पडद्यातून ती आत गेली.

डबा यंत्रातून सहज गेला. पुढच्या मोठ्या विमानतळावर गेला, त्याच्या पुढच्याही. त्या पहिल्या टीचभर विमानात चाकांच्या सगळ्या बॅगा दाराशीच काढून घेत होते, की वर जागा नाही. मी डबा बॅगेतून काढून शालीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसले. हवाई सुंदरीनं विचारलं, खाण्याचं आहे का? मी हो म्हणाले.

मुंबईत माझी बॅग आली. कापडी पिशवी आली नाही. पट्टा फिरत राहिला, शेवटी एक कुणाचातरी फाटका बॉक्स फिरत राहिला, मग पट्टाच बंद झाला. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, हातातली बॅग डिकीत टाकू का? लय लांब जायचंय." मी त्याच्यावर अशी खेकसले की कसारा घाटापर्यंत तो बिचारा बोलला नाही.

दुपार कलताना घरी पोचले. बाबा फाटकाशी उभे होते, नवं धोतर नेसून, दोन्ही हात कळशी घ्यायला पुढे केलेले. मी त्यांच्या हातात चकल्यांचा डबा दिला. सगळं तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे थोडा पोटात गेला?" मी म्हणाले, "हो बाबा." त्यांनी मान हलवली. माझ्यावर ते चिडले असते तर बरं झालं असतं.

विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. अस्थी घरात नेत नाहीत म्हणून बाबांनी डबा पिशवीत घालून फाटकाजवळच्या पेरूला टांगला. आई दारातून बघत होती. एवढ्या मोठ्यानं ती आमच्या घरात कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी तो घरी आलाय, आणि तुम्ही त्याला दारात टांगता?" बाबा म्हणाले, "रीत आहे." ती म्हणाली, "रीत दुसऱ्यांच्या माणसांसाठी असेल." पण डबा तिनं काढला नाही. पेरूखाली पाट टाकून बसली. कुणी उठवायला गेलं तर म्हणायची, "मी कुठे घरात नेतेय? मी बाहेर आलेय."

रामकुंडावर गुरुजींनी डबा बघितला आणि सरळ विधीला सुरुवात केली. त्यांनी सगळं बघितलेलं असतं. ओतायच्या आधी बाबा म्हणाले, "गुरुजी, थोडं मागून येतंय. कळशीत आहे. एकदमच केलं तर?" गुरुजी म्हणाले, "जेवढा आलाय तेवढ्याला वाट मोकळी करून द्या. उरलेल्याचं आलं की परत करू." आमच्याकडे मानतात, की त्या कुंडात अस्थी विरघळतात. पाण्यात तो थोडा वेळ ढगासारखा दिसला. मग गोदावरी नेहमीसारखी, हिरवट, निर्माल्य घेऊन.

उरलेला कधी आला नाही. बाबा वर्षभर त्या विमान कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला फोन करत होते. पिशवीचं वर्णन काय, आत काय होतं, असं तिकडचे लोक विचारायचे. बाबा सांगायचे, "तांब्याची कळशी." त्याच्या पुढचं त्यांना सांगता यायचं नाही, मग मी फोन घ्यायचे. कंपनीनं हरवलेल्या भांड्याबद्दल दिलगिरी कळवली. मला आजही वाटत नाही की मी त्या दिवशी दुसरं काही करू शकले असते. पण बाबांच्या लेखी तो कार्यक्रम पुरा झालाच नाही. फाटक वाजलं की ते बघायचे. ते गेले तेव्हाही त्यांचं तसं एक बघणं राहून गेलं, याची खंत मला कधी सोडणार नाही. कुठल्यातरी विमानतळाच्या कोठारात माझा भाऊ थोडासा अजून फळीवर बसला असेल, पुढच्या विमानाची वाट बघत. हा विचार मनात आला की मला जेवण जात नाही.

पण सांगायचं होतं ते रामकुंडावरचं. अस्थी आणलेलं भांडं परत घरी नेत नाहीत, तिथेच सोडतात. गुरुजींनी डबा पाण्यात सोडायला बाबांच्या हातात दिला. आई बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. ती पुढे आली, पायऱ्या उतरून पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली आणि बाबांच्या हातून डबा काढून घेतला. तिथेच विसळला, आतून बोटं फिरवून, घरी विसळायची तसा. बाबा म्हणाले, "अगं, तो घरात न्यायचा नसतो." काकू म्हणाल्या, "सोडा हो वहिनी, अशुभ असतं." आईनं पदरानं डबा पुसला, झाकण फिरवलं आणि लाल ठिपका पुढे आला.

"परत आलाय," ती म्हणाली. "एवढा एकच परत आलाय."